शाळेतलं उसनं अवसान

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीजवळ राहतो. मुलगी नऊ वर्षांची, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीत. शाळेत तिच्याबद्दल एकही तक्रार नाही. ‘अशा अजून दहा मुली वर्गात हव्या होत्या,’ असं टीचर म्हणतात. घरी मात्र बसमधून उतरल्यापासून रडारड, दप्तर फेकणं, धाकट्या भावाला मारणं, डायनिंग टेबलाखाली तासभर पडून राहणं. मानसतज्ज्ञांनी तीन भेटींनंतर ऑटिझम (स्वमग्नता) आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) या दोन्हींची लक्षणं सांगितली. शाळेच्या काउन्सेलर म्हणतात, आम्हाला तर काहीच दिसत नाही. सासूबाईंच्या मते हे फाजील लाड. नवरा मधल्यामध्ये. खरं कोणाचं, आणि आम्ही करायचं काय?

उत्तर :

आधी मला एक सांगा. तिची पाण्याची बाटली घरी येते तेव्हा किती भरलेली असते?

मी गेली बावीस वर्षं ठाण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते. पहिली सहा वर्षं एका शाळेत, नंतरची नौपाड्यातल्या दोन खोल्यांत. ‘शाळेत गुणी, घरी वादळ’ असं मूल आलं की अहवाल उघडायच्या आधी मी बाटलीचं विचारते. आया क्षणभर गोंधळतात, मग म्हणतात, ‘अहो, भरलेलीच येते. रोज ओरडते मी.’ डबा? ‘अर्धा. कधी कधी तर नुसतं झाकण उघडून बंद केल्यासारखा.’ आणि घरात शिरल्यावर पहिलं काय करते? ‘बूट न काढता बाथरूमकडे धावते.’

सकाळी सातला निघालेलं मूल दुपारी साडेतीनपर्यंत लघवीला जात नाही, त्याला कारण असतं. शाळेच्या टॉयलेटमध्ये फ्लशचा आवाज दणकतो, फिनाइलचा वास डोक्यात जातो, कडी नीट लागत नाही, मागच्या मुली दार ठोठावतात. आणि तिथपर्यंत पोचायचं तर भर वर्गात हात वर करून सगळ्यांच्या नजरा अंगावर घ्यायच्या. यावरचा उपाय मूल स्वतःच शोधून काढतं : पाणीच प्यायचं नाही. पहिलीत कधीतरी सापडलेला हा उपाय चौथीपर्यंत अंगवळणी पडतो. गप्प बसून तहानलेल्या मुलाची तक्रार कोण करणार? मग बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, दुपारची डोकेदुखी घेऊन ही मुलं बालरोगतज्ज्ञांकडे खेपा घालत राहतात, प्रत्येक वेळी वेगळं औषध मिळतं आणि बाटली तशीच भरलेली परत येते.

बाटलीनेच सुरुवात केली, कारण तुमच्या घरातला वाद ‘कोण खरं’ यावर अडकलाय आणि बाटलीला कुणाची बाजू घ्यायची नसते. टीचर खोटं बोलत नाहीत; त्यांना खरंच आदर्श मुलगी दिसते. तुम्हीही वाढवून सांगत नाही. दोघी एकाच दिवसाची दोन टोकं बघताय.

आपली अडचण झाकून चारचौघांसारखं वागण्याच्या या प्रकाराला ‘मास्किंग’ हा शब्द आता पालकांच्या तोंडी रुळलाय. मराठीत काहीजण मुखवटा म्हणतात. मला तो आवडत नाही. मुखवट्यात लबाडीची छटा येते आणि ही मुलं लबाड नसतात, उलट कमालीची प्रामाणिक असतात. आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे : उसनं अवसान. उसनं आणलेलं फेडावं लागतं, हे शेजारून वाटीभर साखर आणणाऱ्या कुठल्याही घराला माहीत असतं. तुमची लेक सकाळपासून उसन्यावर चालते आणि वसुली चार वाजता तुमच्या हॉलमध्ये होते.

हे अवसान ती आणते कसं? शाळेने परवानगी दिली तर मी पीटीच्या तासाला मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहते. शंभर मुलं ‘एक-दो-तीन-चार’वर हात वर करत असतात. त्यात अशी एखादी मुलगी सापडते जी प्रत्येक वेळी अर्धा ठोका मागे असते. शिट्टी ऐकून ती हलतच नाही. शेजारणीचा हात उठलेला बघते आणि मग आपला उचलते. वर्गातही तेच. विनोदावर सगळे हसले की ती हसते. वह्या काढा म्हटलं की आधी शेजारी बघते, कोणती वही. हे सगळं इतक्या सफाईने होतं की टीचरना ती ‘शांत आणि लक्ष देणारी’ दिसते. लक्ष ती देतेच, पण ते फळ्याकडे कमी आणि माणसांकडे जास्त असतं. सहा तास. चुकायला जागा नाही अशा बेताने.

काही मुली मॉनिटर होऊन सुटतात, कारण मॉनिटरला काय बोलायचं ते ठरलेलं असतं. काहींना एकच मैत्रीण असते आणि ती गैरहजर असली की तो दिवस उजाडतच नाही. काही आरशासमोर उद्याची वाक्यं घोकतात. अक्षर सुरेख असतं, पण वहीचं पान उजेडात धरलंत तर खाडाखोडीने कागद पातळ झालेला दिसतो.

मुलग्यांमध्ये हे नसतं असं मात्र समजू नका. ऐरोलीचा एक मुलगा माझ्याकडे यायचा, एडीएचडी असलेला. सतत चुळबुळ करणारी मुलं आपण बघतो. हा दगडासारखा बसायचा. तळहात मांडीखाली दाबून. घरी यायचा तेव्हा हातांवर बाकाच्या कडेचे लाल वळ असायचे. ‘हात सुटले की टीचर ओरडतात, म्हणून मी त्यांच्यावर बसतो,’ हे त्याने मला सहाव्या भेटीत सांगितलं. तोपर्यंत शाळेच्या शेऱ्यात ‘वर्तणूक : उत्तम’ होतं आणि गुण घसरत चालले होते. सगळी ताकद हातांवर बसण्यात गेली तर गणिताला काय उरणार?

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात तर्क आहे : तिथे नीट वागता येतं तर इथे का नाही? त्यांना असं विचारून बघा. दिवसभर डोक्यावर भरला हंडा घेऊन चाललेली बाई दारात आली आणि तिने तो खाली टेकवला, तर तिला ‘इथवर आणलास ना, मग अजून तासभर धर’ असं कुणी म्हणेल का? घर ही तो हंडा टेकवायची जागा आहे. तिने तो तुमच्यापाशी टेकवला, याचा अर्थ तिला तिथे भरवसा वाटतो. या भरवशाची किंमत तुमचे कान आणि धाकट्याची पाठ मोजतेय, हेही मला कळतं.

हट्ट आणि उद्रेक ओळखायची एक घरगुती खूण आहे. हट्ट करणारं मूल डोळ्याच्या कोपऱ्यातून तुमच्याकडे बघत असतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. उद्रेकात मागितलेली वस्तू हातात दिली तरी रडणं थांबत नाही, कारण ते त्या वस्तूसाठी नव्हतंच. नंतर मूल दमून जातं, पुष्कळदा शरमतं. दुसरी खूण वहीत सापडते. तीन आठवडे रोज एक ओळ लिहा : आज किती वेळ, किती जोरात, आणि शाळेत आज काय वेगळं होतं. पीटी, संगीत, बदली टीचर, युनिट टेस्ट, गॅदरिंगची तालीम. बस कापूरबावडीला किती अडकली, तेही लिहा. मेट्रोच्या कामाने घोडबंदरला जो आवाज आणि धूळ असते, त्यात तासभर भोंगे ऐकत बसणं हा तिच्यासाठी शाळेचा आठवा तास असतो. एका आईच्या वहीत सगळे मोठे उद्रेक बुधवारी निघाले. बुधवारी शाळेत रंगीत कपड्यांचा दिवस होता. गणवेश नसला की काय घालायचं, कोण काय म्हणेल, याचा विचार त्या मुलीच्या डोक्यात मंगळवारी दुपारीच सुरू व्हायचा.

इथे थोडं थांबवते. शाळेच्या दिवसांत वाईट आणि मे महिन्यात बरं, हे चित्र मास्किंगचंच असतं असं नाही. छळ होत असेल, बसमध्ये किंवा शाळेत कुणी अंगाला हात लावत असेल, वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असेल, तरी असंच दिसतं. ठरावीक ठिकाणी तोंडातून शब्दच न फुटणं, म्हणजे सिलेक्टिव्ह म्युटिझम, हाही वेगळा प्रकार आहे. डोळे, कान, झोप, रक्तातलं लोह तपासून घ्या. मध्येच काही सेकंद शून्यात बघत राहते आणि हाक ऐकू येत नाही असं होत असेल, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. त्याला ‘लक्ष नाही’ म्हणून सोडू नका. आणि तिला एकटीला, शांतपणे, दिवे मालवल्यावर विचारा : ‘शाळेत किंवा बसमध्ये असं कुणी आहे का, ज्याची भीती वाटते?’ एकदा विचारून भागत नाही.

तुमच्या मानसतज्ज्ञांनी ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही सांगितलं म्हणून घाबरू नका. दोन्ही एकत्र असणं वारंवार दिसतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानाची जी नियमावली (डीएसएम) जगभर वापरतात, तिची २०१३ ची आवृत्ती येईपर्यंत ही दोन निदानं एकत्र देताच येत नसत. त्याच आवृत्तीत तुमच्या कामाचं आणखी एक वाक्य आहे. लक्षणं लहानपणापासून असली तरी भोवतालच्या अपेक्षा मुलाच्या कुवतीबाहेर जाईपर्यंत ती पूर्ण दिसतीलच असं नाही, आणि पुढे शिकून घेतलेल्या युक्त्यांनी ती झाकलीही जाऊ शकतात, असा त्याचा आशय. म्हणजे ‘आम्हाला तर काहीच दिसत नाही’ याची सोय निदानाच्या निकषांतच करून ठेवलेली आहे. काउन्सेलर मॅडमना हे वाक्य दाखवा, पण वादात हरवायला म्हणून नको.

मुली निदानातून निसटतात त्याची मुळं जुनी आहेत. १९४३ साली लिओ कॅनर यांनी ज्या अकरा मुलांवरून ऑटिझमचं पहिलं वर्णन केलं, त्यांत आठ मुलगे होते. पुढच्या कित्येक मोजपट्ट्या मुलग्यांकडे बघून बनल्या. आपल्याकडे सरकारी प्रमाणपत्रासाठी वापरतात ती आयएसएए ही मोजपट्टी चाळीस प्रश्नांची आहे. एकूण गुण सत्तरच्या खाली आले की ‘ऑटिझम नाही’. समोर बसून गोड उत्तरं देणाऱ्या मुलीचे गुण कमी येणं यात नवल ते काय. म्हणून तपासणीला जाताना घरचे व्हिडिओ न्या, वही न्या, आणि दोन-तीन वर्षांची असताना ती कशी खेळायची, बोलायची, काय खायची हे आठवून लिहून न्या. तेव्हा तिला उसनं आणता येत नव्हतं.

प्रमाणपत्र आत्ताच हवं का? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत. त्यात ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. प्रमाणपत्राचा मुख्य उपयोग पुढे बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींना आणि सरकारी योजनांना होतो. चौथीत तुम्हाला जे हवंय ते बहुतेक त्याच्याशिवाय मिळतं. घाई नको, पण कागद मात्र आजपासून एका फाइलमध्ये लावा. दहावीच्या वर्षी धावाधाव करणारे पालक मी दरवर्षी बघते.

आता घर.

बसमधून उतरल्यावरचा पहिला तास तिचा. ‘आज काय शिकवलं? डबा का नाही खाल्लास?’ यातलं काहीही नाही. प्रश्न म्हणजे पुन्हा योग्य उत्तर शोधणं, आणि ते तर ती सकाळपासून करतेय. दप्तर तुम्ही घ्या, शक्य असेल तर लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंशी गप्पा टाळा. घरात गेल्यावर गणवेश उतरवणं, थंड ताक किंवा सरबत स्ट्रॉने, आणि चावायला काहीतरी कडक : चिक्की, भाजलेले चणे, गाजर. चावणं आणि ओढून पिणं यांनी शरीर निवतं. टेबलाखाली पडून राहते म्हणालात ना? राहू दे की. तिने जागा बरोबर निवडलीय. वरून जाड चादर सोडा, आत एक उशी सरकवा, आणि तिथे कुणी डोकवायचं नाही असा घराचा नियम करा. अबॅकस, नृत्य, ट्यूशन यातलं जे साडेचार-पाचला असेल ते हलवा नाहीतर थांबवा. गृहपाठ सहानंतर, तोही थोडा. नाही झाला तर टीचरना चिठ्ठी.

याच तासाला अंगमेहनत हा माझा आवडता उपाय, आणि इथे सासूबाईंची मदत लागेल. घट्ट कणीक मळणं, बादली उचलून बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालणं, गादीवरच्या जाड गोधड्या झटकून घड्या करणं, नारळ खवताना पाट दाबून धरणं. सांधे आणि स्नायूंवर जोर आला की मेंदू शांत व्हायला मदत होते. आमच्या भाषेत याला ‘हेवी वर्क’ म्हणतात. आजीच्या भाषेत कामाला लावणं. माझ्या अनुभवात ‘लाड’ म्हणणाऱ्या आज्या या एका गोष्टीने माझ्या बाजूला आल्या आहेत, कारण त्यांनाही काहीतरी करायचं असतं, नुसतं ऐकून घ्यायचं नसतं.

प्रत्यक्ष उद्रेकात बोलणं जवळपास बंद. ‘शांत हो’ हे वाक्य कुणाला शांत करत नाही, तुम्हालाही केलं नसेल. धाकट्याला दुसऱ्या खोलीत न्या, तुटण्यासारखं बाजूला करा, दिवा आणि टीव्ही बंद, आणि तुम्ही तिला दिसाल अशा बेताने चार हातांवर जमिनीवर बसा. मारणं चालणार नाही, ही रेघ पक्की. पण ती समजवायची वेळ रात्री जेवणानंतर, दोन वाक्यांत, आणि भावासाठी काहीतरी करून भरपाई. भर उद्रेकात माफी मागायला लावलीत तर तीही उसनीच मिळेल. धाकट्यालाही आठवड्यातून एकदा त्याची अशी एक संध्याकाळ द्या, तलावपाळीला बाबांबरोबर, ताईशिवाय. या घरांमधलं दुसरं मूल फार लवकर शहाणं होतं आणि ते मला बरं वाटत नाही.

घरी चांगलं वागलं की स्टिकर, असा तक्ता कुणी सुचवेल. नको. तिला एकच जागा आहे जिथे उसनं आणावं लागत नाही; तिथेही दुकान उघडू नका.

शाळेबद्दल जरा जास्त लिहिते, कारण खरं काम तिथे आहे. ओपन डेला बोलू नका. मागे पंधरा पालक उभे असतात. क्लास टीचरची वीस मिनिटं वेगळी मागा, दोघंही जा. अठरा पानी अहवाल टेबलावर ठेवू नका, एक पान न्या. सुरुवात ‘ती तुमच्या वर्गात खूप प्रयत्न करते आणि घरी येईपर्यंत संपून जाते, आम्हाला तुमची मदत हवी’ अशी करा. ‘तुमच्यामुळे तिला त्रास होतो’ असं ऐकू आलं की समोरचं दार बंद. पन्नास मुलं सांभाळणाऱ्या बाईला मी दोष देत नाही. तिला दिसणारी पहिली दहा मुलं ओरडणारी असतात.

मागायचं काय, इथे बरेच अनुभवी लोकही चुकतात. मी चुकले आहे. नेहमीचा सल्ला असतो : मुलाला एक कार्ड द्या, त्रास झाला की दाखव आणि बाहेर जा. अशी सुंदर लॅमिनेट केलेली कार्डं मी वर्षानुवर्षं बनवली. वर्षाअखेरीला कंपासमधून कोरी करकरीत परत यायची. जे मूल दिवसभर आपण वेगळं दिसू नये म्हणून झटतं, ते सगळ्यांसमोर वेगळेपणाचं कार्ड काढेल कसं? या मुलांना मागून घ्यावी लागणारी सवलत पोचत नाही. न मागता, ठरलेल्या वेळी, कुणाच्या लक्षात न येता मिळणारी पोचते.

म्हणून मागणी अशी करा. दुसऱ्या आणि पाचव्या तासानंतर टीचरनेच तिच्याकडे एखादं काम द्यावं : हजेरीपट ऑफिसात नेऊन दे, स्टाफरूममधून खडू आण. वाटेत टॉयलेट रिकामं असतं. वर्गाबाहेरची ती चार मिनिटं आणि न ठोठावलं जाणारं दार, एवढ्यावर बाटली निम्मी झालेली मी पाहिली आहे. पाणी प्यायची वेळ सगळ्या वर्गालाच ठरवून द्यावी. त्यात बाकीच्यांचंही भलं. बसायची जागा भिंतीच्या बाजूला, दारा-पंख्यापासून लांब, आणि महिन्याने बदलायची असेल तर आदल्या दिवशी सांगून. मोठ्याने वाचायला अचानक उठवू नये. ‘उद्या तिसरा परिच्छेद तुझा’ असं सांगितलं की ती रात्रभर धास्तावणार नाही, उलट तयारी करेल. बदली टीचर येणार असतील तर सकाळीच कळावं. मधल्या सुट्टीत आठवड्यातून दोनदा लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम. गॅदरिंगला स्टेजवर नाही तर पडद्यामागे, पण तिला विचारून. काहींना स्टेज आवडतं, कारण तिथे संवाद लिहून दिलेले असतात.

हे सगळं एकदम मागू नका. तीन निवडा, सहा आठवडे बघा.

‘मग बाकीची मुलंही मागतील’ हे ऐकावं लागेलच. त्यावर माझं उत्तर, हजेरीपट नेण्यात मागण्यासारखं काही नाही. आणि कोणी फारच ताठ राहिलं तर २०१६ च्या त्याच कायद्याचं कलम १६ तुमच्या खिशात असू द्या : सरकारमान्य शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्यायच्या आहेत. पण ते खिशातच राहील असं बघा. कायद्याने मिळालेली खुर्ची आणि टीचरने मनाने सरकवलेली खुर्ची यांतला फरक मुलाला कळतो.

आता माझी एक चूक. सुरुवातीच्या वर्षांत मी एका मुलाला डोळ्याला डोळा भिडवून बोलायला शिकवलं. दर वेळी एक चांदणी, दहा चांदण्यांना एक खेळण्यातली गाडी. चार महिन्यांत तो इतका छान बघायला लागला की मी त्याचं उदाहरण इतरांना द्यायची. सोळाव्या वर्षी तो भेटायला आला आणि सहज म्हणाला, ‘मॅडम, मी तुमच्या भुवयांच्या मध्ये बघून तीनपर्यंत मोजायचो. त्यामुळे तुम्ही काय बोलायचात ते कधी कळलंच नाही.’ मी त्याला उसनवारीच शिकवली होती, वर बक्षीस दिलं होतं. म्हणून कुठल्याही थेरपीत तुमच्या लेकीला नजर भिडवणं, हात स्थिर ठेवणं, इतरांसारखं खेळणं शिकवत असतील तर विचारा : हे कोणाच्या सोयीसाठी? मदत कशी मागायची, ‘मला नको’ कसं म्हणायचं, आपलं अंग कधी थकतं हे कसं ओळखायचं, हे शिकवत असतील तर खुशाल पाठवा.

उलट बाजूही सांगते. ‘आजपासून तू जशी आहेस तशीच शाळेत वाग’ असंही तिला म्हणू नका. ते अवसान तिचं संरक्षण आहे. आधी शाळा सोपी करा. मग कुठे आणायचं आणि कुठे नाही हे ती ठरवेल. सुरुवात नातेवाइकांपासून करता येते. गणपतीला पंचवीस माणसांत तिला ‘काकांना गाणं म्हणून दाखव’ असा आग्रह नको, नमस्कार लांबून चालेल, आणि मागची खोली तिच्यासाठी मोकळी. हे आधी फोनवर बाबांनी त्यांच्या घरच्यांना सांगायचं. तुम्ही नाही.

तिला काय सांगायचं? निदानाचं नाव पक्कं झालं की लपवू नका. नाही सांगितलं तर मूल स्वतःच कारण शोधतं आणि ते बहुतेक ‘मी वाईट आहे’ असं असतं. मी असं काहीसं म्हणते : ‘तुझ्या मेंदूला आवाज, वास, माणसांचे चेहरे सगळं एकदम आणि मोठ्याने ऐकू येतं. ते सांभाळता सांभाळता तू दमतेस. दमणं हा गुन्हा नाही. आपण दमणं कमी करूया.’ एका मुलीने यावर विचारलं होतं, ‘म्हणजे बाकीच्या मुली दमत नाहीत?’ मी नाही म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग रडली. बरं वाटल्याचं रडणं वेगळं असतं, तुम्हाला ओळखता येईल.

थांबू नये अशा गोष्टी : सलग शाळेला नकार, खाणं झपाट्याने कमी होणं, स्वतःला ओरबाडणं-चावणं-डोकं आपटणं, ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं एकदाही म्हणणं. लहान आहे, कळत नाही, असं म्हणून सोडू नका. त्याच आठवड्यात बालमानसोपचारतज्ज्ञ गाठा. रात्री-बेरात्री टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. कोणी त्रास देत असल्याचं कळलं तर चाइल्डलाइन १०९८. मोठेपणी वर्षानुवर्षं असं झाकत जगणाऱ्या ऑटिस्टिक माणसांमध्ये आत्महत्येचे विचार जास्त आढळतात, असं अभ्यासांत दिसलंय. म्हणून नवव्या वर्षी हात घालतोय. पाळी येण्याच्या सुमारास आणि शाळेची इमारत बदलते त्या वर्षी हे सगळं पुन्हा उफाळतं, तेव्हा ‘परत सुरू झालं’ म्हणून खचू नका.

खासगी तपासण्यांचा खर्च झेपत नसेल तर खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे. फोन करून, वेळ घेऊन जा.

आणि नवरा मधल्यामध्ये आहे म्हणालात. त्याला आठवड्यातून एक दिवस लवकर यायला सांगा आणि बसस्टॉपवर त्यालाच पाठवा. दप्तर त्याने घ्यायचं, प्रश्न विचारायचे नाहीत, आणि वहीतली त्या दिवसाची ओळ त्याने लिहायची. पुढच्या वेळी मला लिहाल तेव्हा त्याच्या अक्षरातल्या ओळी पाठवा. बाटलीवर आजच मार्करने मधोमध रेघ मारा. पाणी तिच्या खाली कितव्या दिवशी गेलं, तेही कळवा.